न्यू जर्सीत कंपनी काढताना: वकील कसा शोधावा

एडिसन, आयझेलिन, प्लेन्सबरो आणि ब्रिजवॉटर या भागात पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या आठ मराठी घरांशी बोलून ही माहिती जमवली आहे. कुणाचं केटरिंग आहे, कुणाची आयटी कन्सल्टन्सी, कुणी गणिताचे क्लास घेतं, एका वहिनींचं डेकेअर आहे, एका काकांनी चालू दुकान विकत घेतलं होतं. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला: पुन्हा पहिल्यापासून कंपनी काढायची झाली तर काय वेगळं कराल? मला वाटलं होतं, फॉर्म आणि करांबद्दल ऐकायला मिळेल. पण बोलणं फिरून फिरून वकिलावर येत होतं. कुणी वकील केलाच नव्हता, कुणी उशिरा केला होता, आणि एका घराने योग्य वकील वेळेवर गाठल्यामुळे एक मैत्री टिकली होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. न्यू जर्सीत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायला वकील लागतच नाही. राज्याच्या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, १२५ डॉलर भरायचे, की कंपनीचं प्रमाणपत्र मिळतं. राज्यात तुमच्या कंपनीच्या वतीने कागद स्वीकारणारा कुणीतरी, म्हणजे रजिस्टर्ड एजंट, हवा. त्याचा न्यू जर्सीतला खरा पत्ता लागतो, नुसती पोस्टाची पेटी चालत नाही. मग आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, कंपनीचा कर क्रमांक घ्यायचा. तो फुकट असतो; त्यासाठी शंभर-दोनशे डॉलर मागणाऱ्या साइट्स खासगी असतात. कंपनी झाल्यावर ६० दिवसांच्या आत एनजे-रेग नावाचा फॉर्म भरून राज्याच्या कर खात्यात नोंद करायची, आणि पुढे दरवर्षी ७५ डॉलर भरून वार्षिक अहवाल द्यायचा. हे सगळं एका शनिवारी सकाळी चहा पीत उरकता येतं. घरी नानकटाई भाजून विकायची असेल तर कंपनीही काढावी लागत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून राज्याच्या आरोग्य खात्याचा कॉटेज फूड परवाना मिळतो. दोन वर्षांना १०० डॉलर फी आहे आणि वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी वकिलाचे पैसे घालवू नका.

मग वकील कशासाठी? ते प्रमाणपत्र फक्त कंपनी जन्माला आली एवढंच सांगतं. कुणाचा वाटा किती, चेकवर सही कुणाची, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार, यांतलं काहीच त्यात नसतं. ते ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहायचं असतं, आणि ते राज्याकडे दाखल करावं लागत नसल्यामुळे बहुतेक लोक ते लिहीतच नाहीत. तुम्ही लिहिलं नाही तर राज्याचा कायदा तुमच्या वतीने ठरवतो. न्यू जर्सीत २०१३ पासून लागू झालेल्या एलएलसी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नफ्याचं वाटप सगळ्या भागीदारांत सारखं होतं. एकाने ८०,००० डॉलर घातले आणि दुसऱ्याने २०,००० घातले, तरी सारखंच. करार तोंडीही असू शकतो असं हाच कायदा म्हणतो, त्यामुळे पुढचं भांडण ‘तुमच्या डायनिंग टेबलवर त्या दिवशी नक्की काय ठरलं होतं’ यावर येऊन थांबतं. तेव्हा दोन्ही घरं खरं सांगत असतात आणि दोघांच्या आठवणी वेगळ्या असतात.

इथे आपल्या लोकांची एक अडचण आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. मित्राबरोबर धंदा करायचा आणि त्याच्यासमोर कागद ठेवायचा, हे आपल्याला अविश्वासासारखं वाटतं. मुलांच्या मुंजी एकत्र केल्या, गणपती एकत्र बसवला, त्याच्याकडून सही घ्यायची म्हणजे कसं तरीच वाटतं. भीड भिकेची बहीण असं घरचे म्हणायचे, ते मला इथे येऊन कळलं. पाहुण्यांना वाढताना भीड पाळावी, भागीदारीचा कागद करताना पाळू नये.

केटरिंगवाल्या दोन मित्रांची गोष्ट सांगते, कारण चांगला वकील कसा ओळखावा हे मला त्यातून समजलं. ओक ट्री रोडवर एका साडीच्या दुकानाच्या वर त्या वकीलबाईंचं ऑफिस होतं. दोघे मित्र ठरवून गेले होते: पन्नास-पन्नास टक्के, दोघांच्या सह्या, संपलं. वकीलबाईंनी पिवळं पॅड पुढे ओढलं आणि मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला एकाचं नाव, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं. मग विचारलं, “भांडीकुंडी आणि गाडी कुणाच्या पैशांची?” गाडी एकाच्या नावावर होती. “पहाटे चारला उठून स्वयंपाक कोण करणार?” एक जण. “आणि दुसऱ्याची नोकरी चालूच राहणार?” हो. “तर मग पन्नास-पन्नास कशाचे?” दोघे गप्प. नंतर त्यांनी विचारलं, तुमच्यातला एक उद्या नसला तर त्याच्या पत्नीला काय मिळणार? ती स्वयंपाकघरात येऊन बसणार, की तिला पैसे देऊन मोकळं करणार? एका मित्राने मला नंतर सांगितलं, “वहिनी, आम्ही एकमेकांकडे बघू शकत नव्हतो. असलं अशुभ आपण घरात बोलत नाही. पण ती खोली त्यासाठीच होती.” तीन आठवडे लागले, करार अकरा पानांचा झाला. चार वर्षांनी त्यातल्या एकाची बदली टेक्ससला झाली. वाट्याची किंमत कशी काढायची, हप्ते किती, हे सगळं सातव्या कलमात होतं. एका दुपारी हिशेब झाला. दोन्ही घरांचा दिवाळीचा फराळ अजून कुरियरने एकमेकांकडे जातो.

तेव्हा पहिल्या भेटीत वकील तुम्हाला काय सांगतो त्यापेक्षा काय विचारतो ते बघा. पाच मिनिटांत “हो हो, एलएलसी काढून देतो, ड्रायव्हिंग लायसन्स पाठवा” म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही जे काम देताय ते तुम्ही शनिवारी सकाळी स्वतः करू शकता.

आता शोधायचा कुठे. इथे वकिलीचा परवाना राज्याराज्याचा असतो. तुमचा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात वकील असेल तर तो जेवायला बोलावण्यापुरता चांगला. कंपनीच्या कामाला न्यू जर्सीचा परवाना असलेला माणूस हवा. इमिग्रेशनचा कायदा मात्र केंद्राचा असल्याने त्यासाठी कुठल्याही राज्याचा परवाना चालतो, आणि त्या कामाचा वकील वेगळाच असतो. ही दोन कामं एकाच ऑफिसात मिळाली तर सोयीचं पडतं, पण दोन्ही एकच माणूस करतो म्हणाला तर जरा खोदून विचारा.

बहुतेक घरांना पहिला दुवा घराच्या खरेदीतून मिळाला. न्यू जर्सीत घराच्या करारावर सह्या झाल्या की तो वकिलाकडून तपासून घ्यायला तीन कामकाजी दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू असतो, त्यामुळे इथे घर घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये एका वकिलाचा नंबर असतो. तो वकील कंपनीचं काम करत नसला तरी कोण करतं ते त्याला माहीत असतं. वकिलाने सुचवलेला वकील हा चांगला दुवा आहे, कारण त्यांना एकमेकांचं लिहिलेलं वाचावं लागतं. दुसरा दुवा सीएचा, इथल्या भाषेत सीपीएचा. मात्र सीपीएने “मीच एलएलसीही काढून देतो, करारही देतो” म्हटलं तर हिशेब त्याच्याकडे ठेवा आणि करार वकिलाकडून लिहून घ्या. करार लिहिणं आणि त्यावर कायद्याचा सल्ला देणं हे वकिलाचं काम आहे. मिडलसेक्ससारख्या प्रत्येक काउंटीची वकिलांची संघटना असते, आणि त्यांतल्या अनेकांकडे वकील सुचवण्याची सोय असते. त्याआधी मोफत मार्गदर्शन हवं असेल तर स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर आणि अनुभवी व्यावसायिकांची स्कोअर ही संस्था, दोन्हीकडे जा. ते वकिली करत नाहीत, पण वकिलाकडे काय न्यायचं ते नीट सांगतात. क्लासवाल्या ताई स्कोअरच्या एका आजोबांकडे तीन वेळा गेल्या, आणि वकिलाच्या ऑफिसात त्यांचं काम तासाभरात झालं.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमातही नावं मिळतात. मराठी विश्वच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभं राहून तीन नावं घेतलेला एक जण आठांत आहे. नाव जरूर घ्या. पण नाव मिळाल्यावर दोन गोष्टी स्वतः करा. न्यू जर्सी न्यायालयांच्या संकेतस्थळावर वकिलांची यादी शोधता येते: परवाना कधी मिळाला, आज तो चालू आहे का, हे तिथे दिसतं. शिस्तभंगाच्या कारवाईचे निकालही इथे जाहीर होतात. दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी गोष्ट, सुचवणाऱ्याला सरळ विचारा की या वकिलाने तुमचं नक्की कुठलं काम केलं. “फार चांगला माणूस आहे” आणि “माझी लीज त्याने बदलून घेतली” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुणी गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल वकिलाकडून कमिशन घेतो असं सांगितलं तर तिथून निघा. वकील नसलेल्या माणसाला तसं कमिशन देणं वकिलाला नियमाने मना आहे.

वकील मराठी किंवा भारतीय असावा का? आठ घरांची मतं वेगळी पडली, आणि मी माझं मत सांगते. आई-वडिलांचे पैसे यात गुंतलेत, दिराचा वाटा आहे, सासऱ्यांचं पुण्यातलं घर विकून रक्कम आली आहे, हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो फायदा मोठा आहे. पण आपल्या माणसाला फी विचारताना जीभ रेटत नसेल, किंवा त्याने चूक केली तर बोलता येणार नसेल, तर अनोळखी वकील बरा. आणि सुचवणाऱ्या काकांना सोबत घेऊन वकिलाच्या खोलीत बसू नका. वकिलाशी तुमचं बोलणं गोपनीय असतं. तिसरा माणूस समोर बसला की त्या गोपनीयतेला बाधा येऊ शकते. काकांना खाली चहाला थांबवा.

वकिलाला हेही विचारा: तुम्ही कुणाचे वकील? कंपनीचे, माझे, की आमच्या दोघांचे? दोन भागीदारांचे हितसंबंध एका टप्प्यावर वेगळे होतात. चांगला वकील पहिल्याच पत्रात लिहून देतो की मी कंपनीसाठी काम करतोय, आणि तुम्हाला हवं तर तुम्ही स्वतंत्र वकिलाला हा कागद दाखवा. हे वाचून घाबरू नका. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

व्हिसाचा मुद्दा आता नीट वाचा, कारण आठांपैकी तीन घरांचा जीव इथेच टांगणीला लागला होता. एच-१बीवर असताना कंपनीतला हिस्सा नावावर असायला हरकत नाही. पण त्या कंपनीसाठी काम करायचं असेल तर त्या कंपनीने तुमच्यासाठी रीतसर एच-१बीचा अर्ज केलेला असावा लागतो. गिऱ्हाइकाशी बोलणं, बिलं पाठवणं, शनिवारी काउंटरवर बसणं, हे सगळं काम आहे. पगार घेतला नाही म्हणजे काम केलं नाही, असं धरून चालू नका. जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत मालक असलेल्या माणसासाठी त्याच्याच कंपनीने एच-१बीचा अर्ज करण्याची वाट स्पष्ट केली आहे, पण अशी पहिली मंजुरी आणि पहिलं नूतनीकरण प्रत्येकी जास्तीत जास्त १८ महिन्यांचं असतं. ती वाट इमिग्रेशनच्या वकिलाचा हात धरूनच चालायची.

आपल्याकडे बहुतेक वेळा धंदा पत्नीच्या नावावर सुरू होतो, कारण तिच्याकडे एच-४चं वर्क परमिट असतं. मे २०१५ पासून ही सोय आहे: पतीचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल किंवा सहा वर्षांपुढची एच-१बी मुदतवाढ मिळाली असेल तर पत्नीला ते कार्ड मिळू शकतं. डेकेअरवाल्या वहिनींकडे ते होतं. त्यांचं सगळं छान चाललं होतं, बारा मुलं, दोन मदतनीस. कार्डाची मुदत संपत आली, नूतनीकरण वेळेवर आलं नाही, आणि एका सोमवारी त्यांना स्वतःच्याच डेकेअरमध्ये पाऊल ठेवता आलं नाही. कंपनी त्यांचीच होती, भाडं जात होतं, मदतनिसांचे पगार द्यायचे होते, पण सही करायला कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, “मी गाडीत बसून काचेतून मुलांना आत जाताना बघत होते.” नंतर वकिलाने त्यांचा करार बदलला. कंपनी मॅनेजर चालवेल असं त्यात आलं, आणि मालकिणीला काम करता येत नसेल त्या काळात कोण सही करणार, त्याचं नाव आणि मर्यादा लिहून ठेवली. ही दोन परिच्छेदांची गोष्ट पहिल्याच दिवशी लिहिता आली असती. तुमच्या कंपनीत कुणाच्याही कामाचा परवाना कार्डावरच्या तारखेला बांधलेला असेल, तर वकिलाला हे सगळ्यात आधी सांगा. तो विचारेल म्हणून वाट बघू नका.

पुण्याच्या भावाचा वाटा हा दुसरा नाजूक विषय. कर वाचवण्यासाठी बरेच जण कंपनीला एस कॉर्पोरेशन करून घेतात. फॉर्म २५५३ भरायचा, कर-वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिने पंधरा दिवसांच्या आत. पण एस कॉर्पोरेशनचा भागीदार अमेरिकेचा नागरिक किंवा इथल्या करकायद्याने रहिवासी असावाच लागतो. तुम्ही एच-१बीवर इथे पुरेसे दिवस राहत असाल तर बहुधा चालतं. पुण्यात राहणारा भाऊ नागरिक नसेल तर चालत नाही. त्याला प्रेमाने दिलेला दहा टक्के वाटा ती सवलतच रद्द करतो. आणि भारतातून पैसे आणायचे तर तिकडच्या रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम, दोन्ही पुण्याच्या सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका. उलट बाजूही एक आहे: भारतात राहणाऱ्या एकट्या मालकाने इथे एलएलसी काढली तर आयआरएसला फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, कंपनीने एक डॉलर कमावला नसला तरी. तो चुकला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. मामेभावाला “ये, तुझी एलएलसी काढून देतो” म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

डेलावेअर राज्यात कंपनी काढण्याबद्दल सगळे विचारतात. गुंतवणूकदारांकडून भांडवल उभारायचं असेल तर डेलावेअरची कॉर्पोरेशन काढायला अर्थ आहे. एडिसनमध्ये क्लास काढायचा असेल तर नाही. डेलावेअरच्या एलएलसीला तिकडे वर्षाला ३०० डॉलर कर, आणि धंदा न्यू जर्सीत असल्यामुळे इथे पुन्हा १२५ डॉलर भरून बाहेरची कंपनी म्हणून नोंद करावीच लागते. दोन राज्यांची कटकट मागे लागते आणि हाती काही येत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, आर्किटेक्ट, सीपीए यांच्यासाठी मात्र नियम वेगळे आहेत. त्यांनी साधी एलएलसी काढण्याआधी वकिलाला विचारलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त पैसे मात्र लीजमध्ये बुडाले, आणि हा मुद्दा मला तुमच्या मनावर ठसवायचा आहे. एलएलसीचा अर्थच मर्यादित जबाबदारी. धंदा बुडाला तर घेणेकरी तुमच्या घरापर्यंत येऊ नयेत, यासाठी आपण ती काढतो. पण दुकानाची जागा भाड्याने घेताना घरमालक शेवटच्या पानावर पर्सनल गॅरंटीची सही घेतो. त्या एका सहीने लीजपुरतं ते कवच निघून जातं. खाऊचं दुकान काढलेल्या एका जोडप्याने पाच वर्षांची लीज घेतली होती. बावीस महिन्यांत दुकान बंद करावं लागलं. उरलेल्या अडतीस महिन्यांचं भाडं द्यायला कंपनीकडे काही नव्हतं, आणि घरमालकाचं पत्र त्यांच्या राहत्या पत्त्यावर आलं, नवरा-बायको दोघांच्या नावाने. तडजोड झाली, पण मुलीच्या कॉलेजचे पैसे त्यात गेले. एलएलसी त्यांनी स्वतः काढली होती, तीही अगदी बरोबर काढली होती. लीज मात्र ‘सगळे करतात’ म्हणून वाचली नव्हती.

वकिलाने काय केलं असतं? कदाचित गॅरंटी पूर्ण काढून टाकता आली नसती. नव्या धंद्याला घरमालक ती सहजासहजी सोडत नाही. पण ती पहिल्या वर्षापुरती करा, किंवा सहा महिन्यांची नोटीस देऊन किल्ली परत दिली की गॅरंटी संपते असं लिहा, असं मागता येतं. पत्नीची सही टाळता येते. ट्रिपल नेट लीज असेल तर मालमत्ता कर, विमा आणि देखभाल हे भाड्याच्या वर तुमच्याच डोक्यावर येतं. त्याचा मागच्या वर्षीचा आकडा मागता येतो. टाउनशिपच्या झोनिंगमध्ये त्या जागेत तुमचा धंदा बसतो का, पार्किंग पुरतं का, हे सहीच्या आधी तपासता येतं, आणि परवाना मिळाला नाही तर लीज रद्द, असं कलम घालता येतं. मी सगळ्या नव्या मंडळींना सांगते: वकिलासाठी पैसे थोडेच असतील तर एलएलसी स्वतः काढा आणि ते पैसे लीज वाचून घेण्यात घाला.

चालू दुकान विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या मालकाने विक्रीकर किंवा पगारावरचे कर थकवले असतील तर ते तुमच्या अंगावर येऊ शकतात. ते टाळायला न्यू जर्सीत सी-९६०० नावाचा फॉर्म आहे. व्यवहाराच्या किमान दहा कामकाजी दिवस आधी तो कर खात्याकडे पाठवायचा. खातं कळवतं की किमतीतली किती रक्कम अडकवून ठेवायची. ज्या काकांनी दुकान घेतलं, त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं, “कशाला वकील, आपण घरचेच.” फॉर्म गेला नाही, आणि वर्षभराने दुसऱ्याच्या कराची नोटीस त्यांच्या काउंटरवर येऊन पडली. फ्रँचायझी घेणार असाल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे माहितीपत्रक सहीच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी तुमच्या हातात पडलं पाहिजे. ते जाडजूड असतं. ते चौदा दिवस वकिलाबरोबर वाचायलाच दिलेले असतात.

फीबद्दल लाजू नका. न्यू जर्सीत नव्या ग्राहकाला फी कशी आकारणार हे वकिलाने लेखी द्यावंच लागतं. कंपनी आणि साधा करार यांना बरेच जण ठरावीक एकरकमी फी सांगतात. त्यात करारात किती वेळा बदल करून मिळतील ते विचारा. तासाप्रमाणे असेल तर बहुतेक ऑफिसं तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटं, असा हिशेब धरतात. म्हणून दिवसात पाच ईमेल पाठवण्यापेक्षा पाच प्रश्न एका ईमेलमध्ये पाठवा. आगाऊ रक्कम दिली असेल आणि ती पुढच्या कामासाठी राखून ठेवायची असेल, तर ती वकिलाच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये जाते का ते विचारा. बिलावर वाद झाला तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली फी लवादाच्या समित्या आहेत. वकिलाने फीसाठी दावा लावण्याआधी तुम्हाला नोटीस द्यावी लागते, आणि ती आल्यापासून ३० दिवसांच्या आत लवाद मागायचा असतो. आमच्यापैकी कुणाला ती वेळ आली नाही, पण माहीत असावं.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: कोण किती पैसे घालणार आणि कुठून, कोण काम करणार, प्रत्येकाचा व्हिसा कुठला आणि त्याची तारीख, जागा ठरली असेल तर लीजचा मसुदा, आणि हवं असलेलं नाव. नाव राज्यात मिळालं म्हणजे ते तुमचं झालं असं नाही. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असेल तर पाटी उतरवावी लागते, म्हणून तेही तपासून घ्या. भागीदार असतील तर सगळे मिळून जा, आणि घरातल्या दोघांपैकी ज्याच्या नावावर काही नाही त्यालाही सगळं समजावून सांगा.

काम झालं की सही केलेल्या कराराची प्रत, प्रमाणपत्र, कर क्रमांकाचं पत्र आणि लीज एका फाइलमध्ये ठेवा. नवी कंपनी झाली की काही आठवड्यांत सरकारी वाटावीत अशी पत्रं येऊ लागतात, वरती ठळक शिक्का, खाली ‘प्रमाणपत्रासाठी इतके डॉलर पाठवा’. ती खासगी जाहिरात असते. वार्षिक अहवाल राज्याच्या साइटवर ७५ डॉलरमध्येच भरायचा. शंका आली तर पत्राचा फोटो वकिलाला पाठवा. चांगल्या ऑफिसातून उत्तर एका ओळीत येतं. आणि ती फाइल कुठल्या कपाटात आहे, हे घरात दोघांनाही माहीत असू द्या.